मॉरिस मायनरच्या टपाचा सांगाडा: न मिळणाऱ्या पिना, बुश आणि हूक घडवून घेताना

उघड्या टपाच्या जुन्या गाडीचा टप नीट बसेनासा झाला की पहिला संशय कापडावर जातो. आमच्या १९५४ सालच्या मॉरिस मायनर कन्व्हर्टिबलच्या बाबतीतही घरातल्या सगळ्यांचे तेच मत होते. गाडी मूळची गिरगावातल्या माझ्या मामांची. ती माझ्याकडे विलेपार्ल्याला आली तेव्हा इंजिन, ब्रेक आणि वायरिंग ही कामे उरकलेली होती आणि राहिला होता तो फक्त टप. इंग्लंडमध्ये शिवलेले नवे कापड आधीच मागवून ठेवले होते. कुशनचे काम करणाऱ्या कारागिरांनी घरी येऊन जुने फाटके कापड उतरवले, उघडा सांगाडा दोन-तीन वेळा वर-खाली करून पाहिला आणि नव्या कापडाची घडी परत खोक्यात ठेवून दिली. "आधी हा सांगाडा दुरुस्त करून घ्या. ह्याच्यावर कापड ताणलं तर डावीकडची शिवण दोन महिन्यांत उसवेल आणि नाव माझं खराब होईल," असे ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी कापड चढवायला नकार दिला याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे, कारण पुढचे सगळे काम त्या नकारातूनच सुरू झाले.

मायनरचा टप हाताने उघडायचा आणि हातानेच मिटायचा. त्यात मोटर नाही, तेलाच्या दाबावर चालणारे नळकांडे नाही. गाडीच्या दोन्ही बाजूंना, दरवाजामागच्या खांबापाशी, लोखंडी दांड्यांचे सांधे असतात. त्यांवर आडव्या कमानी तोललेल्या असतात. सर्वांत पुढे एक आडवी पट्टी असते, ती पुढच्या काचेच्या चौकटीवर येऊन टेकते आणि दोन हुकांनी आवळली जाते. १९५१ पर्यंतच्या गाड्यांना मागच्या बाजूला काढघाल करता येणारे पडदे होते. त्यानंतर तिथे कायमच्या काचा आल्या आणि सांगाड्याचे काम अधिक नाजूक झाले, कारण त्याच्या बाजूच्या पट्ट्या आता या काचांच्या वरच्या कडेवर अचूक बसाव्या लागतात. आमची गाडी या दुसऱ्या प्रकारची. टप लावला की उजवीकडचा पुढचा कोपरा काचेच्या चौकटीवर टेकत असे आणि डावीकडचा जवळजवळ पाऊण इंच वर राहत असे. तो कोपरा जोर लावून खाली ओढला की मागची कमान तिरकी होई. वर्षानुवर्षे तो तसाच ओढला गेला होता आणि जुने कापड नेमके तिथेच फाटले होते.

काहीही खोलण्यापूर्वी मी मापे घेतली, आणि ती गाडी तिच्या चार चाकांवर, सपाट फरशीवर, दरवाजे बंद असताना घेतली. ज्या गाडीला पक्के छप्पर नाही तिची बॉडी जॅकवर उचलताच किंचित वाकते; दरवाजाभोवतीच्या फटी बदलतात आणि त्यांबरोबर टपाची सगळी मापेही बदलतात. ही खबरदारी घेतली नाही तर बाकीच्या अचूकपणाला अर्थ राहत नाही. त्यानंतर प्रत्येक सांध्याला पत्र्याचा लहान बिल्ला तारेने बांधला, त्यावर डावा-उजवा आणि क्रमांक ठोकला, छायाचित्रे काढली आणि मगच पाना लावला. दोन बाजूंचे भाग टेबलावर ठेवल्यावर सारखेच दिसतात, पण ते एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब असतात. एकदा मिसळले की कोणता कुठला हे ठरवणे फार अवघड जाते.

खोलल्यावर जे दिसले ते थोडक्यात असे. उजव्या बाजूच्या बहुतेक पिना मूळच्या होत्या. डाव्या बाजूच्या दोन मुख्य पिना कधीतरी कोणीतरी काढून टाकल्या होत्या आणि त्यांच्या जागी बाजारात मिळणारे साधे आठ मिलिमीटरचे बोल्ट घातले होते. टप उघडल्यावर दांडा ज्यावर थांबतो तो डावीकडचा लोखंडी टेकू नव्हताच. पुढच्या दोन हुकांपैकी उजवा बेपत्ता होता आणि डावा मधोमध तडकलेला होता.

मूळ पिन हा साधा बोल्ट नसतो. तिला घुमटासारखे गोल डोके असते, त्याखाली गुळगुळीत जाड दांडी असते, आणि त्यापुढे एक पायरी उतरून कमी जाडीचे टोक असते. मुख्य पिनांच्या टोकाला आटे असतात आणि त्यांवर नट बसतो; बाकीच्या पिनांचे टोक रिव्हेटसारखे ठोकून पसरवलेले असते. नट कितीही आवळला तरी तो पायरीवर जाऊन थांबतो, त्यामुळे दांडे एकमेकांवर दाबले जात नाहीत आणि मोकळे फिरत राहतात. डावीकडे जे बोल्ट घातले होते त्यांना पायरी नव्हती. आवळले तर सांधा जखडायचा, सैल सोडले तर खडखडायचा. शिवाय तीन सुती (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), म्हणजे साडेनऊ मिलिमीटरच्या भोकात, आठ मिलिमीटरचा बोल्ट, आणि त्याचे आटे थेट दांड्याच्या भोकात आलेले. त्या आट्यांनी तिथे कानशीसारखे काम केले होते. भोक एका दिशेने खाल्ले जाऊन लांबट झाले होते.

उजवीकडच्या मूळ पिनाही झिजल्या होत्या, पण समान रीतीने. व्हर्निअर लावल्यावर एका पिनेची दांडी मधोमध ८.९ मिलिमीटर भरली, आणि तिच्या दांड्याचे भोक लांबट दिशेने १०.४. म्हणजे एकाच सांध्यात दीड मिलिमीटरची ढिलाई. हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. पण त्या सांध्यातल्या दोन पिनांमधले अंतर सुमारे ७५ मिलिमीटर आहे आणि तिथून पुढच्या पट्टीपर्यंतचा पल्ला सुमारे ९०० मिलिमीटर. सांध्यातली हालचाल पुढच्या टोकाला बारा पटीने वाढते. दीड मिलिमीटरचे अठरा होतात. डावीकडे साडेनऊच्या भोकात आठचा बोल्ट, म्हणजे तिथली ढिलाई निदान तेवढी होतीच. डावीकडच्या कोपऱ्यात दिसणारा पाऊण इंच कुठून आला हे इथे कळले. मागची कमान थोडी पिळलेली होती, पण दोष तिचा नव्हता; बॉडी खचलेली नव्हती आणि काचेची चौकटही सरळ होती.

आता हे भाग मिळवायचे कुठून? मायनर ही काही दुर्मिळ गाडी नव्हे. १९४८ ते १९७१ या काळात तिच्या सोळा लाखांहून अधिक प्रती बनल्या. आपल्याकडे हिंदुस्तान मोटर्सने ती 'बेबी हिंदुस्तान' या नावाने विकली. १९९०च्या दशकात तर श्रीलंकेतून तिचे पत्र्याचे भाग बनून इंग्लंडला जात होते. त्यामुळे इंजिनाचे, ब्रेकचे, दरवाजाच्या रबराचे सामान आजही मिळते. कन्व्हर्टिबलचे कापडही मिळते. पण टपाचा सांगाडा हा कारखान्यात एकसंध जुळवून येणारा भाग असल्यामुळे त्यातली एखादी पिन किंवा बुश (पिन ज्यात फिरते ती भोकात बसवायची नळीवजा कडी) सुटी मिळण्याची सोय नाही. इंग्लंडमधल्या विक्रेत्यांनी कळवले की मिळालाच तर संपूर्ण जुना सांगाडा मिळेल. एवढी अवजड वस्तू मागवायची, तिचे भाडे आणि आयातशुल्क भरायचे, आणि शेवटी तीही तितकीच झिजलेली निघायची, हे मला पटले नाही.

मुंबईतला शोध मी तरीही मनापासून केला. ऑपेरा हाऊसच्या सुट्या भागांच्या दुकानांत जुन्या फियाट-अँबॅसेडरचे सामान निघते, पण टपाचे काही नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मोडीत निघालेल्या गाड्यांचे सांगाडे असतात. तिथे जीपच्या टपाचे नळ्यांचे सांगाडे मिळाले, ते अर्थातच उपयोगाचे नव्हते. चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर, एका दुकानदाराने खालच्या पेटीतून एक क्रोमचा हूक काढून दाखवला. पहिल्या नजरेत तो हुबेहूब आमचाच वाटला. जवळ ठेवून पाहिले तर स्क्रूंच्या भोकांमधले अंतर तीन मिलिमीटरने वेगळे होते आणि हुकाची वाकही जास्त खोल होती. तो मी घेतला नाही. असा 'जवळपास बसणारा' भाग घेतला की त्याच्यासाठी मूळ पट्टीत नवी भोके पाडावी लागतात, आणि पुढे कधी योग्य भाग मिळाला तरी त्याला बसायला जागा उरत नाही. जुन्या गाड्यांचे जे नुकसान मी पाहिले आहे त्यातले बरेचसे अशाच जवळपासच्या भागांनी केलेले आहे.

नागदेवी स्ट्रीटवर मात्र हाताला काहीतरी लागले. तिथल्या हत्यारांच्या एका जुन्या दुकानात ब्रिटिश बारीक आट्यांचे, म्हणजे बीएसएफचे, अडीच सुती टॅप आणि डाय, म्हणजे आटे पाडायची हत्यारे, वेष्टनासकट मिळाले. आट्यांचा हा मुद्दा जुन्या ब्रिटिश गाडीवर काम करणाऱ्याने सोडून चालत नाही. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये आट्यांची जी पद्धत मांडली तिच्यात आट्याचा कोन ५५ अंशांचा असतो. मेट्रिक आणि अमेरिकी आट्यांचा ६०. अडीच सुती बीएसएफ बोल्टला एका इंचात २२ आटे येतात. त्याच जाडीच्या अमेरिकी बारीक आट्यांच्या बोल्टला २४ येतात. आठ मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टला सुमारे सव्वावीस. जाडी जवळजवळ सारखीच, कारण अडीच सूत म्हणजे ७.९४ मिलिमीटर. म्हणून चुकीचा नट सुरुवातीला दोन-तीन वेढे सहज जातो, मग अडतो, आणि पाना लांब असेल तर आटे चिरडत आत बसतो. १९४८ मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी एकत्रित आटे ठरवले, पण कारखान्यांत ते यायला वेळ लागला. त्यामुळे पन्नाशीच्या दशकातल्या गाडीत दोन्ही पद्धतींचे नट-बोल्ट शेजारीशेजारी भेटतात. आमच्या गाडीच्या खांबावर टपासाठी असलेले नट २२ आट्यांचेच आहेत हे मी गेज लावून खात्री करून घेतले होते.

पिना कोणाकडून बनवून घ्यायच्या, हा खरा प्रश्न होता. आधुनिक यंत्रे असलेल्या कारखान्यांना एवढ्याशा नगांत रस नव्हता. परळला एका गाळ्यात जुना लेथ चालवणाऱ्या मास्तरांचे नाव मला एका ओळखीच्या फिटरने सांगितले. मास्तरांचे शिक्षण गिरणीच्या वर्कशॉपमध्ये झाले होते. १९८२च्या संपानंतर गिरणी सुटली आणि त्यांनी हा गाळा घेतला. मुंबईच्या गिरण्यांतली सूतकताईची कितीतरी यंत्रे ऑल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या इंग्लिश कंपन्यांची होती, आणि त्यांचा प्रत्येक नट-बोल्ट व्हिटवर्थ पद्धतीचा. त्यामुळे ज्या मापांचा आज बाजारात कोणाला पत्ता नाही ती या पिढीच्या हातात बसलेली आहेत. मी बीएसएफ म्हणताच ते म्हणाले, "अडीच सूत, बावीस आटे. गिरणीत दिवसभर तेच कापायचो आम्ही."

मी त्यांच्यापुढे झिजलेली पिन ठेवली. त्यांनी मायक्रोमीटर मधल्या भागाला लावला, मान हलवली, मग पिन फिरवून अगदी डोक्याला चिकटून असलेल्या बारीक कडेला लावला. "हे बघा साहेब, इथं दांडा पोचतच नाही. इथं पिन जन्मली तशी आहे." ती कडा जेमतेम अर्धा मिलिमीटर रुंद होती, आणि तिथे माप बरोबर तीन सूत, म्हणजे इंचाच्या हिशेबात ३७५ थाऊ (इंचाचे हजारावे भाग) भरले. माझ्या आराखड्यात मी हेच माप धरले होते. मास्तरांनी न विचारता त्याच जागेवरून ते काढले, तेव्हा काम योग्य हाती आले आहे याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही. झिजलेला नमुना देऊन 'असाच बनवा' असे सांगितले, तर कारागीर प्रामाणिकपणे झीजसुद्धा बनवून देतो. नमुना मापण्यापेक्षा त्यातला न झिजलेला भाग शोधणे हे या कामाचे मर्म आहे आणि ते पिनेपेक्षा भोकांच्या बाबतीत जास्त खरे ठरले.

लांबट झालेल्या भोकाचा मूळ मध्य कुठे होता? भोकाच्या दोन टोकांच्या मधोमध खूण केली तर ती चुकते, कारण झीज एकाच बाजूला झालेली असते. टपाचा भार पिनेवर नेहमी एकाच दिशेने येतो. आम्ही तीन सुती गोल गजाचा एक तुकडा घेतला आणि भोकाच्या ज्या बाजूला अजूनही मूळ गोलाई दिसत होती तिच्यावर तो टेकवला. भिंगातून पाहिल्यावर त्या अर्ध्या गोलाईवर कारखान्यातल्या रिमरच्या, म्हणजे भोक अचूक मापाला आणणाऱ्या हत्याराच्या, बारीक रेघा अजून स्पष्ट होत्या; समोरची बाजू मात्र घासून आरशासारखी झाली होती. गजाच्या मध्यावर आधीच पंचाचा ठिपका होता. तोच मूळ मध्य. तिथून मास्तरांनी मापे दांड्याच्या दोन न झिजलेल्या कडांपर्यंत आणली आणि उजव्या बाजूच्या दांड्याशी ताडून पाहिली. पुढे भोक वाढवायला त्यांनी ड्रिल वापरले नाही. लांबट भोकात ड्रिल घातले की ते मोकळ्या जागेकडे सरकते आणि चुकीचा मध्य कायमचा होऊन बसतो. दांडा मिलिंग यंत्रावर पक्का आवळून एंड मिलने, म्हणजे बाजूनेही कापणाऱ्या हत्याराने, भोक बारा मिलिमीटरचे केले आणि त्यात फॉस्फर ब्राँझचा बुश दाबून बसवला. दांडा फक्त पाच मिलिमीटर जाड असल्यामुळे बुशला पकड कमी मिळते, म्हणून बाहेरून चिकटवणारे द्रव्यही लावले. बुशचे आतले भोक शेवटी रिमरने ९.५५ मिलिमीटर केले आणि पिन ९.५० ठेवली.

ब्राँझचा गज गुलालवाडीत मिळाला. पिनांसाठी मी ईएन-८ पोलाद निवडले. अनेकांनी स्टेनलेसचा आग्रह धरला, आणि समुद्राच्या हवेत तो आग्रह समजण्यासारखा आहे. पण पिनेचे टोक ठोकून पसरवायचे असेल तर स्टेनलेस ठोकता ठोकता कडक होत जाते, आणि रंगवलेल्या लोखंडी सांगाड्यावर चकाकणारी डोकी परकी दिसतात. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये आलेल्या केंद्रीय नियमांत मूळ रूप राखण्याची जी अट आहे ती चॅसिस, बॉडी आणि इंजिनाशी संबंधित आहे. टपाच्या सांध्यात ब्राँझचा बुश आला म्हणून कोणी हरकत घेणार नाही. तरीही बाहेरून दिसणारे डोके मूळच्याच घुमटाचे असावे, आत मात्र सुधारणा असावी, अशी माझी भूमिका होती.

आटे कापतानाचे काम मी शेजारी उभा राहून पाहिले. मास्तरांच्या लेथचा लीड स्क्रू, म्हणजे हत्यार पुढे सरकवणारा लांब स्क्रू, इंचाला चार आट्यांचा. बावीस आटे काढायचे तर चार भागिले बावीस, म्हणजे दोनास अकरा. त्यांनी भिंतीवरच्या खुंटीवरून वीस दात्यांचे आणि एकशे दहा दात्यांचे चाक उतरवले आणि कागद-पेन्सिल न घेता जोडले. हत्यार ५५ अंशांच्या गेजवर घासून घेतले. या आट्यांची पूर्ण खोली २९ थाऊ. पहिल्या फेऱ्या जरा मोठ्या, शेवटच्या अगदी केसाएवढ्या, आणि सर्वांत शेवटी नागदेवीचा डाय हाताने एकदा फिरवून आट्यांची शिखरे गोल केली. नट बोटांनी शेवटपर्यंत गेला आणि पायरीवर जाऊन थांबला. रिव्हेटच्या पिनांच्या टोकाला त्यांनी लहानसे पोकळ भोक पाडून दिले, म्हणजे हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी टोक फुलासारखे उमलते आणि दांडीवर ताण येत नाही.

डावीकडचा टेकू त्या मानाने सोपा होता. उजवीकडच्या टेकूचा पुठ्ठ्यावर आकार काढला, पुठ्ठा उलटा केला, आणि सपाट लोखंडी पट्टीतून तो कापून वाकवून घेतला. ठाण्यातल्या एका मायनर-मालकांनी आपल्या गाडीवर मापे घेऊ दिली, त्यांचा इथे उपयोग झाला. त्यांची गाडी १९५६ नंतरची, म्हणजे एकसंध वक्र काचेची. आमची दोन सपाट काचांची. त्यामुळे पुढच्या पट्टीची तुलना करता आली नाही, पण बाजूच्या सांध्यांची मापे आमच्या उजव्या बाजूशी जुळली आणि टेकूची जागा निश्चित झाली.

हुकांनी मात्र बराच वेळ घेतला. तडकलेला हूक क्रोमखाली पितळेचा असेल अशी माझी अपेक्षा होती; तडकीच्या जागी कानस मारताच आत राखाडी, दाणेदार धातू दिसला. तो जस्ताचा मिश्रधातू होता, साच्यात दाबाने ओतलेला. त्या काळातल्या गाड्यांच्या मुठी, बिल्ले, दिव्यांच्या कडा याच धातूच्या असत. तो सुमारे ३८५ अंश सेल्सियसलाच वितळतो आणि त्यावर झाळकाम टिकत नाही. शिवाय क्रोमला बारीक छिद्र पडले की खाऱ्या दमट हवेत आतून फुगत जातो. तेव्हा दुरुस्ती नाही, पितळेत नवेच ओतायचे असे ठरवले.

पितळ थंड होताना साधारण दीड टक्का आक्रसते. हुकाची सांध्यापासून टोकापर्यंतची लांबी ६४ मिलिमीटर. जुना हूक तसाच वाळूत दाबून ओतला असता तर नवा जवळजवळ एक मिलिमीटरने आखूड आला असता आणि पुढची पट्टी काचेच्या चौकटीवर आवळली गेली नसती. म्हणून तुटलेले तुकडे अ‍ॅराल्डाइटने जोडले, टोकाला आणि पाठीला एम-सीलचा थर चढवून कानशीने आकार दिला, बाजूंना किंचित उतार ठेवला म्हणजे नमुना वाळूतून सुटताना कडा मोडत नाहीत. हा झाला डावा. उजव्यासाठी त्याचे उलटे रूप हवे होते. ते लालबागच्या एका नमुनेकाराने सागवानात कोरून दिले, आणि त्याने दोन्ही नमुने एकमेकांसमोर धरून कॅलिपरने जागोजागी मापे जुळवून दाखवली. पिनेची भोके आणि मधली खाच ओतकामात ठेवली नाहीत; भरीव ओतून नंतर यंत्रावर काढायची, म्हणजे मापाची खात्री राहते.

ओतकाम धारावीतल्या एका लहान ओतशाळेत झाले. मुशीतले पितळ तयार झाले की वर पांढरट हिरवी ज्योत आणि जस्ताचा पांढरा धूर दिसू लागतो. तो दिसताच ओतावे लागते, उशीर झाला तर जस्त जळून जाते आणि धातू बदलतो. मी मुद्दाम गरजेपेक्षा जास्त नग ओतून घेतले आणि त्यातला एक करवतीने मधोमध कापून पाहिला. आत वायूची बारीक छिद्रे निघाली. ओतशाळेच्या मालकांनी तो तुकडा हातात घेऊन नीट पाहिला, वाळू ओलसर राहिली असे सांगितले, आणि वाळू बदलून सगळे नग पुन्हा ओतून दिले. दुसऱ्या खेपेचा कापलेला तुकडा आतून घट्ट निघाला. अशी छिद्रे घासून-चकाकवून दिसेनाशी होतात, पण मुलामा दिल्यावर त्यांत अडकलेले द्रावण काही महिन्यांनी बाहेर येते आणि क्रोमला फोड येतो. म्हणून एक नग कापून पाहण्याचा खर्च करावाच.

मुलामा जोगेश्वरीत करून घेतला: आधी तांबे, मग निकल, मग क्रोम. क्रोमचा थर अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ असतो, तो फक्त चकाकी देतो आणि ओरखडे टाळतो. गंजापासून राखतो तो खालचा निकलचा थर. नेहमीच्या कामात निकलवर कमी वेळ दिला जातो. आम्ही वीस मायक्रॉनचा थर मागितला, त्याचे वेगळे पैसे दिले, आणि हुकाच्या फिरणाऱ्या भोकांत मुलामा चढून माप कमी होऊ नये म्हणून ती मेणाने बुजवून दिली.

जुळणी घरीच केली. टोक ठोकताना दोन दांड्यांमध्ये एक दशांश मिलिमीटरची पत्र्याची पट्टी सरकवून ठेवली आणि ठोकणे संपल्यावर ती ओढून काढली. तेवढी मोकळीक राहिली म्हणून एकही सांधा जखडला नाही. सांध्यांना ग्रीस भरले नाही, कारण मुंबईच्या धुळीत ते काळे होऊन नव्या कापडाला लागते. पातळ तेलाचा हात दिला आणि पुसून घेतले. कमानींमधली अंतरे धरून ठेवण्यासाठी तात्पुरती सुती नवार ताणून बांधली, पुढची पट्टी काचेच्या चौकटीवर टेकवली आणि दोन्ही हूक आवळले. डावा कोपरा जोर न लावता खाली आला. रबर आणि काचेची चौकट यांच्यामध्ये वर्तमानपत्राची पट्टी ठेवून ती ओढून पाहिली. डावीकडून उजवीकडे सरकत गेलो तरी कागद जवळजवळ सगळीकडे सारख्याच जोराने निघत होता. फक्त मध्यावर थोडा ढिला वाटला, तिथे पट्टीखाली पातळ रबर घातले.

कुशनवाले पुन्हा आले तेव्हा त्यांनी आधी टप स्वतःच्या हाताने उघडून मिटून पाहिला, दोन्ही बाजूंच्या सांध्यांवर अंगठा ठेवून ढिलाई तपासली आणि मग खोके उघडले. कापड मागच्या कमानीपासून पुढे ताणत आणले. पुढच्या पट्टीतली लाकडी फळी सागवानाची नवी बसवली होती, तिच्यात लोखंडी चुकांऐवजी तांब्याच्या चुका ठोकल्या. शिवणी दोन्ही काचांच्या कडांवर बरोबर सरळ रेषेत आल्या. नळीने पाणी मारून पाहिले तेव्हा डावीकडून काही आले नाही. उजव्या मागच्या कोपऱ्यातून थोडे झिरपले, ते काचेच्या रबरातून होते, टपाशी त्याचा संबंध नव्हता.

हुकांचे दोन्ही नमुने आणि पिनांचा आराखडा मी जपून ठेवला आहे. ठाण्याच्या त्या मालकांसाठी मास्तरांनी पिनांचा एक संच याच आराखड्यावरून करून दिला. आमच्या गाडीची मागची कमान मात्र एका टोकाला सुमारे चार मिलिमीटर पिळलेली आहे आणि ती मी तशीच ठेवली. ती सरळ करायची तर तापवावी लागेल, आणि तापवताना तिच्या बुडाशी असलेला मूळ रिव्हेटचा सांधा, जो या सांगाड्यातला एकमेव न उघडलेला सांधा आहे, सैल पडण्याची भीती आहे. पुढे कधी कापड बदलायची वेळ येईल तेव्हा मास्तरांना दाखवून त्याचा निर्णय घेईन.